पाठ टेकली आणि वर शिरजोर!

ऐकलंत का? दिल्लीतल्या आमच्या लक्ष्मीबाई नगरात नवीनच थेरं सुरू झालीत. संध्याकाळ झाली की क्वार्टर्समधली पोरंपोरी पाठीला सॅक अडकवून निघतात. आम्हाला वाटायचं, ट्यूशनला जातात. कसलं काय! जुजुत्सूला! तेही ब्राझीलचं! सॅकमध्ये वह्यांचा पत्ता नाही. घामट जाड कोट, विजार आणि पांढरा पट्टा. तो कोट दोरीवर वाळताना बघून शेजारच्या काकूंनी विचारलं, सतरंजी केवढ्याला पडली?

आता, जुजुत्सू म्हणजे कुस्तीचाच प्रकार, आणि कुस्ती काय आम्हाला नवी आहे? एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे 1959 साली याच दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगला लोळवून पहिले हिंदकेसरी झाले. पण ती कुस्ती! लंगोट, शड्डू, ताक-तेल-हळद घालून मऊ केलेली तांबडी माती, आणि पाठ टेकली की चितपट, विषय संपला. आणि ही कार्टी? आपण होऊन पाठ टेकतात! उताणी पडून समोरच्याच्या कमरेला पायांचा विळखा घालतात आणि वर म्हणतात, "आता कुठे सुरुवात झालीय." कोपर पिरगाळलं गेलं की समोरच्याच्या अंगावर दोनदा थोपटायचं, सुटायचं आणि खिदळत पुन्हा भिडायचं. हरल्याची लाज म्हणून नाही!

बरं, ही विद्या तरी ब्राझीलची म्हणावी? तेही नाही. जिगोरो कानो या मास्तरांनी 1882 मध्ये टोकियोत जुन्या जुजुत्सूतून ज्युडो घडवला. त्यांच्या कोदोकान या ज्युडोशाळेचा मित्सुयो माएदा देशोदेशीचे फड मारत 1914 मध्ये ब्राझीलला पोचला. त्याच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकला. कार्लोसचा धाकटा भाऊ हेलियो अंगाने किरकोळ. ताकदीचे डाव त्याला झेपेनात, म्हणून त्याने खाली पडूनच लढायचं तंत्र घोटलं. पुढे 1993 मध्ये डेन्व्हरच्या स्पर्धेत हेलियोच्या मुलाने, रॉयसने, एका रात्रीत तिघांना शरण आणलं आणि हे खूळ जगभर पसरलं.

ही सारी लोळालोळी मॅटवर, म्हणून आमच्या मातीवाल्यांनी नाकं मुरडायला मॅटपासूनच सुरुवात केलीय. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं अंग मातीत घडलेलं. पण 1952 मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकचं कांस्यपदक त्यांनी मॅटवरच मिळवलं. तेव्हा मॅटबद्दल आम्ही गप्प!

आता खरा कहर. क्लासला मुली जातात! "मुलीच्या जातीने असं लोळायचं?" हा प्रश्न इथे गॅलरीगॅलरीतून चघळला जातोय. अहो, पण वसाहतीच्या पाटीवर नाव कुणाचं? झाशीच्या राणीचं! ती राणी, तेव्हाची मनू, लहानाची मोठी झाली बिठूरला, दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयाला. त्याच बाजीरावांचे वस्ताद बाळंभटदादा देवधर; मल्लखांबाला नवा जन्म दिला तो त्यांनी. मल्लखांब म्हणजे मल्लांचीच मेहनत, आणि मनूने तो केला असं परंपरा सांगते. तेव्हा पेशव्यांच्या वाड्यात कोणी गॅलरीतून नाकं मुरडली असतील, तर त्यांची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत.

म्हणून माझा निकाल ऐका. फडात पाठ टेकली की कुस्ती संपते. रस्त्यावर संपत नाही. अंगावर दुप्पट वजनाचा माणूस आला तर खालून कसं सुटायचं, हे या शहरात मुलींना यायलाच हवं. तेव्हा खुशाल पाठवा. तो कोट मात्र रोजच्या रोज धुवा, नाहीतर घरभर गजकर्ण होईल.