खजिनदाराचं उलट पोलिश गणित

ज्यांना सोसायटीचा हिशेब मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर करता येतो, त्यांनी हे मार्गदर्शन वाचू नये. त्यांचं बरं चाललं आहे. हे लिखाण त्या साधकांसाठी आहे, ज्यांना २ आणि ३ यांची बेरीज करायलाही टर्मिनलची काळी खिडकी उघडावी लागते. असा एक साधक आमच्या घरातच आहे. तो माझा थोरला भाऊ आणि आमच्या इमारतीचा खजिनदार.

नियम पहिला. खिडकीत 'डीसी' टाइप करून एंटर मारावं. काहीही होणार नाही. ना स्वागत, ना सूचना. नुसता कर्सर लुकलुकत राहील. घाबरू नये. बेल लॅब्जमध्ये रॉबर्ट मॉरिस आणि लोरिंडा चेरी यांनी लिहिलेला हा प्रोग्रॅम युनिक्समधल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक आहे, आणि तो विचारल्याशिवाय बोलत नाही. आमच्या घरातली जुनी माणसं न विचारताच बोलतात, तो भाग वेगळा.

नियम दुसरा. आधी आकडे, मग चिन्ह. यान वुकाशेविच या पोलिश तर्कशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात चिन्ह आकड्यांच्या आधी नेऊन कंस हद्दपार केले. पुढे कुणीतरी तेच चिन्ह शेवटी नेलं. देखभाल १२५० आणि पार्किंग ३४० मिळवून वर्षाचे काढायचे, तर '१२५० ३४० + १२ *'. कंसाची गरजच नाही. आकडे ताटांच्या चळतीसारखे एकावर एक बसतात आणि चिन्ह आलं की वरचे दोन उचलले जातात. दादा म्हणतो, "'दोनात तीन मिळव' म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे जड का जावं?" वहिनी म्हणतात, "अहो, पण आधी दूधवाल्याचे किती झाले ते सांगा."

नियम तिसरा. उत्तर हवं असल्यास 'पी' दाबावं. न दाबल्यास उत्तर तयार असूनही सांगितलं जात नाही.

नियम चौथा, आणि हा नीट वाचावा. सुरुवातीला दशांश स्थळं शून्य असतात. '७ २ / पी' केलं की ३ येतात. साडेतीन नव्हे, तीन. पाण्याच्या टँकरचे १०,००० रुपये २४ घरांत वाटले की प्रत्येकी ४१६ येतात आणि सोसायटीला १६ रुपयांची खोट बसते. म्हणून आधी '२ के' द्यावं. मग ४१६.६६ येतात. पुढचा आकडा काहीही असो, डीसी तो सरळ छाटतो, वरच्या पैशाला नेत नाही. त्यामुळे खोट उरतेच, १६ पैशांची. हे १६ पैसे सर्वसाधारण सभेत मांडले जातात. एका वर्षी त्यावर चर्चा झाली. मी तिथे होतो. चहा गार झाला. शेवटी दादाने खिशातून रुपयाचं नाणं काढून टेबलावर ठेवलं आणि उरलेल्या ८४ पैशांची नोंद करायला घेतली.

नियम पाचवा. वजाचं चिन्ह म्हणजे वजाबाकी, ऋण संख्या नव्हे. कुणी २०० रुपये आगाऊ भरले म्हणून '-२००' लिहिलंत, तर डीसी आधी वजाबाकी करायला जाईल, चळत रिकामी असल्याची कुरकुर करेल आणि मग २०० धन म्हणून ठेवून घेईल. ज्याने आधी पैसे दिले त्याच्याच नावावर थकबाकी. ऋण संख्येसाठी अधोरेषा: '_२००'.

नियम सहावा. '१६ आय' देऊन सोळाच्या पायात शिरू नये. शिरलात तर परत यायला '१० आय' द्याल, पण सोळाच्या पायात १० म्हणजे सोळाच. कितीही वेळा द्या. सुटका 'ए आय' ने होते, कारण ए म्हणजे कुठल्याही पायात दहा. हल्ली अडलं की सगळे एआयकडे धावतात; दादा हे कधीपासून करतोय आणि कुणाला कौतुक नाही.

नियम सातवा. बाहेर पडायला 'क्यू'. 'एक्झिट' असं इंग्रजीत टाइप करू नये. डीसीला शब्द कळत नाहीत, एकेक अक्षर ही आज्ञा असते. त्यातल्या 'ई' आणि 'टी' वर तो तक्रार करेल, पण मधल्या 'आय' ने चळतीवर असलेला आकडा, समजा १२, गुपचूप नवा पाया होऊन बसेल. तुम्ही आतच, आणि आता तुमचे १० म्हणजे बारा.

'क्यू' दाबल्यावर मात्र चळत, साठवलेले आकडे, सगळं जातं. म्हणून दादा ते दाबतच नाही. गुढीपाडव्यापासून ती खिडकी उघडी आहे. लॅपटॉप बंद करायचा नाही, झाकण मिटायचं नाही, वहिनींनी त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायचे नाहीत. परवा वीज गेली तेव्हा त्याने आधी बॅटरी बघितली आणि मग विचारलं, लिफ्टमध्ये कोण अडकलंय का.