डिग्री उतरली, पोरगं खूश

महाराष्ट्रात बियर प्यायचा परवाना मिळतो, घरी करायचा नाही. १९४९च्या दारूबंदी कायद्याच्या राज्यात एकवीस वर्षं पूर्ण झालेला माणूस रीतसर परवाना काढून बाटली उघडू शकतो. तीच बियर त्याने स्वयंपाकघरात शिजत ठेवली, तर मात्र पेपरात ‘रसायन नष्ट’ अशी बातमी यायची, आणि वर पिंपासोबत फोटो.

म्हणूनच शहापूर तालुक्यातल्या आटगावच्या एका तरुणाला हा छंद जडायला इंग्लंडात नोकरी लागावी लागली. घरगुती बियरसाठी लागणारा परवाना तिथल्या अर्थमंत्र्यांनी, रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी, १९६३च्या अर्थसंकल्पातच रद्द केला. अमेरिकेने त्यासाठी १९७८ साल उजाडू दिलं. जिमी कार्टर यांची सही झाली आणि प्रौढ माणसाला वर्षाकाठी १०० गॅलन, म्हणजे पावणेचारशे लिटरच्या वर, बियर घरी करायची मुभा मिळाली. इंग्लंडात एवढीही मर्यादा नाही. फक्त विकायची नाही. पण नवशिक्याची पहिली बियर विकत घेईल असा माणूस इंग्लंडातही सापडत नाही, तेव्हा हा नियम पाळणं त्याला जड गेलं नाही.

रविवारी लीड्समधल्या भाड्याच्या घरात भलं मोठं पातेलं गॅसवर चढायचं आणि मिठाच्या बरणीला टेकवलेल्या फोनमधून आटगाव हजर व्हायचं. आई पुढे, बाबा मागे, आणि बाबांच्या मागे हंबरणारी म्हैस.

पातेल्यात असायचा मोड आणून वाळवलेल्या जवाचा गोड काढा. त्यात पडायचे हॉप्स. ही एका वेलीची फुलं. आपल्याकडे ती हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात पिकतात. वनस्पतिशास्त्राच्या हिशोबात हॉप्स आणि गांजा एकाच कुळातले. ही माहिती मुलाने घरी कळवली नाही. तासभर उकळले की हॉप्समधली अल्फा आम्लं रूप बदलतात आणि कडूपणा उतरतो. वास हवा असेल तर शेवटच्या पाच-दहा मिनिटांत आणखी मूठभर टाकायचे, कारण सुगंधी तेलं वाफेबरोबर उडून जातात.

मग काढा झटपट गार करायचा. त्यासाठी तांब्याच्या नळीचं वेटोळं पातेल्यात सोडून त्यातून नळाचं पाणी खेळवायचं. पलीकडच्या टोकातून ते भसाभसा सिंकमध्ये जाताना आईने पाहिलं.

“अरे, एवढं पाणी कुठे चाललंय?”

“मुंबईला,” बाबा मागून म्हणाले.

शहापूर तालुक्यात हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. तानसा धरण इथलं, भातसा इथलं, आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकरची वाट पाहणारे हंडेही इथलेच. तानसाचं पाणी मुंबईला जाऊ लागलं १८९२ साली. त्याच साली इंग्रज सरकारने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा केला. एकाच वर्षात पाणीही गेलं आणि दारूही. लीड्समध्ये मुलाने नळ बारीक केला.

खरी परीक्षा पुढे होती. हॉप्स हल्ली दाबलेल्या गोळ्यांच्या रूपात मिळतात, आणि उकळल्यावर त्या गोळ्यांचा हिरवा चिखल होतो. चहाची गाळणी दुसऱ्या वाटीलाच तुंबली. पिठाच्या चाळणीतून चिखलासकट सगळं आरपार गेलं. शेवटी आईने श्रीखंडाचा चक्का टांगण्यासाठी बॅगेत घातलेलं मलमलचं फडकं बाहेर आलं. गार काढ्यात यीस्टच्या आधी दुसरे जंतू शिरले तर सगळं आंबट होतं, म्हणून फडकं आधी उकळून घेतलं. ते बादलीवर ताणून बांधलं. फडक्याला पोट सुटलं, मधोमध हिरवा गोळा साचला आणि खाली टप... टप... वीस लिटर काढा, आणि वेग चक्क्याचा. मुलाने फडकं पिळलं. गाठ सुटली आणि साठलेला अख्खा हिरवा गोळा बादलीत बदकन पडला.

“माझं फडकं!” आई तिकडून ओरडली.

पुढे त्याला कळलं, की मुरलेले लोक गाळायच्या भानगडीत फारसे पडतच नाहीत. पळी फिरवून पातेल्यात भोवरा करायचा, पंधरा-वीस मिनिटं हात लावायचा नाही. गाळ मधोमध ढीग करून बसतो आणि कडेने नितळ काढा नळीने ओढून घेता येतो. नाहीतर हॉप्स आधीच पुरचुंडीत बांधून सोडायचे. बादलीत थोडा गाळ गेलाच, तरी बियर होते.

यानंतर आला हायड्रोमीटर. काचेची पोकळ नळी, बुडाला वजन, आत आकड्यांची कागदी पट्टी. द्रव जितका दाट, तितकी ती वर तरंगते. पाण्यात आकडा १.०००, साखरेने भरलेल्या काढ्यात १.०५०. जॉन रिचर्डसन या इंग्रज ब्रुअरने १७८४ साली या मापनावर पुस्तक लिहिलं, तेव्हापासून ही नळी ब्रुअरीत रुजली. मद्यावर कर लावायला ती बरी पडते, हे सरकारच्याही ध्यानात आलं. आटगावच्या आसपास मोहाची गाळणाऱ्यांना तिची गरज कधी भासली नाही. पहिल्या धारेची पेटली, की हिशोब जुळला.

पण बाबांना ती बघताक्षणी ओळखीची वाटली. डेअरीवर दुधात रोज असाच काटा सोडतात, तिथे १.०३०ला नुसतं ‘तीस डिग्री’ म्हणायचं.

“किती आली?”

“पन्नास.”

“पन्नास? म्हशीचीसुद्धा येत नाही!”

मग काढ्यात यीस्ट पडलं. दोन-तीन दिवसांनी तीस आली. “हां, आता दूध झालं,” बाबा म्हणाले. आठवड्याने बारा. बाबा गंभीर झाले. मग दहा, आणि मुलगा आनंदाने नाचतोय. “अरे, विहीर ओतलीस काय? इकडे डिग्री उतरली तर भाव कापतात!”

यीस्ट साखर खातं, तिचा अल्कोहोल करतं आणि अल्कोहोल पाण्याहून हलका, हे सगळं मुलाने समजावलं. सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा वजा करायचा आणि १३१.२५ने गुणायचं: सव्वापाच टक्के. “म्हणजे पाणी न घालता डिग्री उतरते,” बाबांनी सारांश काढला. डेअरीवर सांगून बघायला हरकत नव्हती.

दोन-तीन दिवस आकडा हलला नाही, की बियर बाटलीत भरायची. साखर उरलेली असताना घाईने भरली तर बाटल्या फुटतात. त्यामुळे नवशिका रोज मोजतो. दर मोजणीला शंभर मिलिलिटर नमुना लागतो, तो जंतूंच्या भीतीने परत ओतायचा नाही, आणि ओतून द्यायला जीव होत नाही. कोमट, बिनफेसाचा, यीस्टने गढूळ झालेला तो घोट शास्त्राखातर पोटात जातो. काही हॉप्सच्या गाळाने पिऊन टाकली, काही शास्त्राने. बाटल्या हिशोबापेक्षा कमीच भरल्या. “आमच्याकडे याला मांजर प्यालं म्हणतात,” आई म्हणाली.

सुट्टीत तो घरी आला तेव्हा कपड्यांत गुंडाळून हायड्रोमीटरही आला. आटगावात त्याला काम नाही, असं मुलाला वाटलं. बाबांना वाटलं नाही. सकाळी धार काढल्यावर मुलगा लगेच काटा सोडायला निघाला, तर बाबांनीच हात धरला: “धारोष्ण दूध डिग्री कमी दाखवतं. गार होऊ दे.” गार झाल्यावर आली बरोबर तीस. नळी सदऱ्याच्या खिशात गेली आणि किटलीबरोबर डेअरीवर पोचली. तिथल्या काट्यावर सत्तावीस.

“काका, हे काय आणलंत?”

“बियरचा काटा.”

मागे रांगेत उभ्या असलेल्यांनी आपापल्या किटल्यांची झाकणं उघडली.