मानीव हवालदार

वऱ्हाडातल्या खेड्यात फौजी माणसाची पहिली बढती पहिल्याच सुट्टीत होते. पोरगं ट्रेनिंग संपवून, काळी ट्रंक खांद्यावर टाकून दर्यापूरच्या एसटी स्टँडवर उतरतं आणि पानठेल्यावरून हाक येते, "काय मेजर, कवा आले?" झालं. ना कॅडर, ना बोर्ड, ना गोपनीय अहवाल. शिपायाचा थेट मेजर, तोही तहहयात. या बढतीची तारीख चुकत नाही आणि ती दुरुस्त करून घ्यायला कोणाला मुंबई गाठावी लागत नाही.

सरकारी बढतीचं एवढं सोपं नसतं. शिपायाचा नायक, नायकाचा हवालदार, हवालदाराचा नायब सुभेदार. दर पायरीला कॅडर म्हणजे बढतीचा कोर्स पास पाहिजे, तब्येत 'शेप वन' पाहिजे, अहवाल चांगला पाहिजे, वर जागा रिकामी पाहिजे. हे सगळं जमलं तरी एक गोष्ट उरतेच, ती म्हणजे जमल्याची नोंद. फौजेत घडलेली गोष्ट 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये आली तरच घडली. गावात हजार पानं उठवून लग्न केलं आणि पार्ट टू ऑर्डर निघाली नाही, तर माणूस रेकॉर्डात ब्रह्मचारी. पोराचं बारसं झालं, ऑर्डर राहिली, तर पोरगं अजून यायचं आहे.

आपल्या मेजरच्या बाबतीत असंच झालं असं धरून चालू. (हा मेजर कोणी एक नव्हे. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, अचलपूर यांतला कुठलाही तालुका घ्यावा आणि त्याला तिथला समजावं.) त्यानं कॅडर पास केला. निकालाचा कागद युनिटमधून निघाला आणि वाटेत कुठल्या तरी टेबलावर दुसऱ्याच कोणाच्या फायलीला टाचला गेला. बरोबरीचे हवालदार झाले. मागून आलेले झाले. ज्यांना यानं सावधान-विश्राम शिकवलं तेही तीन फिती लावून समोर आले. मेजर दोन फितींवर तसाच. तीन वर्षांनी कोणी तरी ती दुसरी फाइल उघडली, टाचणी काढली, आणि खालून मेजरचा कॅडर निघाला.

मग बढतीचं पत्र आलं. 'विलंब झाल्याचे निदर्शनास आले आहे.' आता मराठीच्या गुरुजींना विचारावं, 'विलंब झाला' या वाक्यात कर्ता कोण? गुरुजी सांगतील, विलंब. म्हणजे कोणी केला नाही, विलंबच आपण होऊन आला, झाला आणि निदर्शनासही आला. हेच मेजर सुट्टीवरून एक दिवस उशिरा पोचला असता तर वाक्यात लगेच कर्ता उगवला असता आणि त्याला तृतीयेचा 'ने' चिकटला असता: 'अमुक नंबरच्या नायकाने विलंब केला.' सरकारी व्याकरणात 'ने' हा प्रत्यय ठरावीक वेतनश्रेणीच्या खालीच लागतो.

तशी चुकीच्या तारखेची मेजरला नवलाई नाही. त्याची जन्मतारीख १ जून. त्याच्या भावाची १ जून. वर्गातल्या निम्म्या पोरांची १ जून. शाळेत नाव घालताना आईनं सांगितलं, "कापूस वेचनीच्या टायमाले झाला जी." गुरुजींनी हिशेब केला, पेन झटकलं आणि पावसाळ्याच्या तोंडावर पोरगं जन्माला घातलं. कापूस वेचणी आणि जून यांचा मेळ कसा बसतो हे कृषी विद्यापीठालाही सांगता यायचं नाही. पण ती तारीख दाखल्यावर चढली आणि दाखल्यावरून फौजेत गेली.

मेजरनं हे फार मनाला लावून घेऊ नये, कारण ते थेट वरपर्यंत पोचलेलं आहे. जनरल व्ही. के. सिंग लष्करप्रमुख होते तेव्हा खुद्द लष्कराकडे त्यांची दोन जन्मवर्षं होती. ॲडज्युटंट जनरल शाखेत १९५१, मिलिटरी सेक्रेटरी शाखेत १९५०. दिवस दोन्हीकडे १० मे, एवढ्यावर एकमत होतं. ही दोन वर्षं दोन कपाटांत दशकानुदशकं सुखानं नांदली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, १० फेब्रुवारी २०१२ रोजी जनरलसाहेबांनी याचिका मागे घेतली आणि मे महिन्याच्या शेवटी ते निवृत्त झाले. साऱ्या फौजेच्या प्रमुखाला एक वर्ष दुरुस्त करून मिळालं नाही, तिथे दर्यापूरच्या नायकाला तीन वर्षं दुरुस्त करून मिळाली. पेढेच वाटायला हवेत.

मेजरच्या घरी पेढे आलेही. मग पोराला पत्राचा दुसरा परिच्छेद वाचायला सांगितला.

ज्येष्ठता मागच्या तारखेपासून, पगार प्रत्यक्ष फीत लावल्याच्या तारखेपासून. मधली तीन वर्षं 'नोशनल'. महाराष्ट्र शासनाच्या कागदात याला 'काल्पनिक वेतननिश्चिती' म्हणतात. मेजरचा चुलतभाऊ अमरावतीत राज्य सरकारच्या नोकरीत आहे, त्याच्याकडे तर शब्दांचं भांडारच आहे. त्याची बढती राहून गेली तेव्हा त्याला 'मानीव दिनांक' मिळाला होता. मानीव म्हणजे मानलेला, जसा मानलेला भाऊ. राखी बांधायला चालतो, वाटणीच्या वेळी त्याचं नाव सात-बारावर सापडत नाही. मानीव दिनांकाच्या आदेशाला शेवटची ओळ असते, 'थकबाकी अनुज्ञेय राहणार नाही.' एवढं शुद्ध मराठी तालुक्याच्या साहित्य संमेलनातही ऐकायला मिळत नाही.

मेजरच्या बायकोला काल्पनिक म्हणजे काय ते कळेना. तिनं सरळ विचारलं, "मंग ते तीन वर्साचे पैसे?"

"ते मानले आहे."

"किरान्यावाल्यानं मानले काय?"

इथपर्यंत येऊन देशाचं सर्वोच्च न्यायालयही तिच्याशी बरंचसं सहमत झालेलं आहे. सरकारचा जुना मंत्र 'काम नाही तर दाम नाही' असा. १९९१ मध्ये जानकीरामन प्रकरणात न्यायालयानं म्हटलं की माणूस काम करायला तयार होता आणि त्याचा काही दोष नसताना प्रशासनानंच त्याला त्या कामापासून दूर ठेवलं, तर हा मंत्र त्याच्यावर म्हणता येत नाही. पुढे २०१५ मध्ये 'रमेशकुमार विरुद्ध भारत सरकार' हे प्रकरण आलं, ते तर फौजेतलंच होतं. नायब सुभेदारपदाची मागील तारखेची बढती, पण मधल्या काळाचा पगार नाही. बढती अन्यायानं अडली असेल तर 'काम नाही तर दाम नाही' सरसकट लावता येत नाही, असं सांगून न्यायालयानं सरकारला त्या फौजीचे पैसे द्यायला लावले.

निकाल सगळ्यांनी वाचला. तरी पत्रातला तो दुसरा परिच्छेद जसाच्या तसा येत राहतो, कारण पत्राचा नमुना निकालाच्या आधीपासून संगणकात साठवलेला आहे.

मग मेजरनं काय करायचं? आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम २६ खाली तक्रार करायची. ती वरिष्ठांमार्फतच जाते, म्हणजे ज्या जिन्यावरून कागद खाली पडला त्याच जिन्यानं वर. उत्तर आलं नाही किंवा आलं ते पटलं नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्यानं ते झालं, २००९ मध्ये सुरू झालं आणि त्याचं महाराष्ट्रातलं खंडपीठ मुंबईला आहे. अंतिम आदेशानंतर सहा महिन्यांत जायचं. तीन वर्षं कागद हरवणाऱ्याला मुदत नाही, तो शोधणाऱ्याला सहा महिने. चुलतभावाचं बरं आहे. त्याचं मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, नागपूरला, सकाळी निघून संध्याकाळी परत. मेजर मात्र संध्याकाळी अमरावती-मुंबई एक्सप्रेस धरणार, सकाळी मुंबईत उतरणार, 'तारीख पे तारीख' काय असते ते पाहून रात्री परतणार. इकडे त्याची फाइल त्याच्यापेक्षा जास्त फिरते. महार रेजिमेंटचा असेल तर सागर, गार्ड्सचा असेल तर कामठी, पेन्शनसाठी प्रयागराज. आता पेन्शन 'स्पर्श' नावाच्या ऑनलाइन प्रणालीवर गेली आहे. नाव फार हृद्य. अंगठा उमटत नाही म्हणून स्क्रीनला दहादा स्पर्श करावा लागतो, तेवढ्यापुरतं ते खरंही आहे.

आणि घाई करायला हवी, कारण फौजेत रँकवर नोकरीची वर्षं ठरतात. नायक हवालदाराच्या आधी घरी जातो. म्हणजे हवालदारकी सापडेपर्यंत नायकीची मुदत भरली, तर माणूस वावरात तूर सोंगत असताना त्याला बढती येऊ शकते.

वऱ्हाडाला याचं आश्चर्य वाटत नाही, ते वेगळ्याच कारणानं. हा अख्खा मुलूखच नोशनल बढतीवर आहे. १९५१ मध्ये रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळला जाणारी शकुंतला तेवढी राहून गेली. पुढे कित्येक वर्षं गाडी चालवायची भारत सरकारनं आणि मोबदला घ्यायचा ब्रिटिश कंपनीनं. 'राहून गेली' यात कर्ता कोण ते गुरुजींना पुन्हा विचारू नये. १९८४ मध्ये दांडेकर समितीनं मोजदाद करून राज्याचा विकासाचा ३,१८६ कोटींचा अनुशेष सांगितला, त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्के. दहा वर्षांनी, १९९४ चा हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा राज्याचा आकडा १४,००६ कोटी झाला होता. त्यावर लक्ष ठेवायला नेमलेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, ती वाढवायचीही राहून गेली. मेजरचा अनुशेष त्या मानानं तीन वर्षांचाच. त्यानं जरा लाजायला हवं.

पण तो लाजला नाही. त्यानं तक्रार केली, स्मरणपत्र दिलं, स्मरणपत्राचं स्मरणपत्र दिलं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या बाकावर बसून आणखी चार मेजरांची ओळख झाली, त्यातले दोघे खरोखरचे सुभेदार निघाले. आणि एके दिवशी शुद्धिपत्रक आलं: मूळ पत्रातील अमुक तारखेऐवजी तमुक तारीख 'असे वाचावे'. मेजरनं वाचलं. बायकोला वाचून दाखवलं. तीन वर्षं उन्हापावसात दोन फितींनी काढली, ती आता तीन फितींनी काढली असे वाचावे. पोराची बारावीची फी सावकाराकडून भरली, ती पगारातून भरली असे वाचावे.

थकबाकीचं? तेही होतं. चक्क 'देय' असा शब्द होता. मेजरनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, देयच होता. पानठेल्यावर बातमी पोचली, "मेजर, पार्टी लागते आता!" गिला वडा ठरला.

संध्याकाळी पोरानं पत्राची पाठीमागची बाजू पाहिली. देय रक्कम अदा करण्यापूर्वी खालील कागदपत्रे तीन प्रतींत, साक्षांकित करून सादर करावीत. पहिल्या क्रमांकावर लिहिलं होतं: जन्मतारखेचा पुरावा, कारण दोन अभिलेखांतील नोंदींमध्ये तफावत झाल्याचे निदर्शनास आले आहे.