ऑर्डरीचे कवी

मैलूर हे एके काळचं बिदरशेजारचं गाव आता शहरातच धरलं जातं. इथल्या माणसाला एका दिवसात चार भाषा लागतात. कचेरीत कन्नड, बाजारात दखनी, हैदराबादच्या पाहुण्याशी तेलुगू आणि घरी भांडायला मराठी. या चौथ्या भाषेत कुणाला दोन ओळी हव्या असल्या, की पावलं आपोआप सरांच्या घराकडे वळतात. सर निवृत्त शिक्षक आहेत, पण ओळख विचारली तर सांगतात, "मी मूळचा कवी." हा 'मूळचा' ते कोल्हापूरचा माणूस बंगळूरला सांगतो तशा सुरात म्हणतात. म्हणजे गाव सुटलंय, परत जायचं आहे, सध्या जमत नाही.

सर काय काय लिहितात? मंगलाष्टकं, डोहाळेजेवणाची गाणी, बारशाचे पाळणे, शाळेच्या स्नेहसंमेलनाचं स्वागतगीत, निरोपसमारंभाचं मानपत्र, दहाव्या दिवसाच्या श्रद्धांजलीचा मजकूर, आणि वाढदिवसाचे फ्लेक्स. सिमेंटच्या एका व्यापाऱ्याच्या फ्लेक्सवर त्यांनी लिहिलं होतं: 'पोत्यापोत्यांत भरली ज्यांनी जिद्दीची भक्कम रेती, त्या दादांच्या वाढदिवसाला गहिवरली काळी माती.' सिमेंटच्या पोत्यात रेती भरली असं जाहीरपणे छापल्याबद्दल दादा दोन दिवस दुकानात बसले नाहीत. सरांचं म्हणणं, 'माती'ला दुसरं यमकच नव्हतं.

मंगलाष्टकांत मात्र सरांचा हात धरणारा दुसरा नाही. ती शार्दूलविक्रीडितात हवीत, हा त्यांचा हट्ट. ओळीला अक्षरं 19, बाराव्यावर यती, आणि मात्रेचीही सूट नाही. त्यामुळे दर ठरतो तो नवरदेवाच्या नावावर. मल्लिकार्जुन असेल तर सर खूश. गुरू, लघू, गुरू, लघू, लघू. सहाव्या अक्षरापासून दहाव्यापर्यंत नाव चपखल बसतं, त्याला शंभर रुपये कमी. पण आमच्याकडे रस्त्यात 'बसवराज' म्हणून हाक मारली तर तिघे वळून बघतात, आणि बसवराज या वृत्तात कुठेच बसत नाही. तीन लघू सलग येतात ते फक्त नवव्या, दहाव्या आणि अकराव्या जागी. बारावं अक्षर गुरू, म्हणजे 'रा'पर्यंत ठीक. पण तेरावंही गुरूच, म्हणून 'ज'चा 'जा' करावा लागतो.

सरांनी तो केला. अष्टकं म्हणायला उभे राहिलेले काकाही नियमाचे पक्के. त्यांनी बाराव्या अक्षरावर व्यवस्थित दम घेतला. मंडपाने 'बसवरा' एवढंच ऐकलं. मग अंतरपाटासमोर उभ्या असलेल्या नवरदेवाकडे बघत, भरल्या आवाजात, काका म्हणाले, "जा!" मुलीकडच्या एका म्हातारीने अक्षता तिथेच टाकून दिल्या.

तेव्हापासून बसवराज नावाला सर जादा दर लावतात.

बाकी कवी एकत्र जमले की बाजाराने कविता मारली, असं दुःख करतात. सरही करतात, आणि हे दुःख ते फ्लेक्सच्या दुकानातल्या स्टुलावर बसून करतात. दुकानदार शेजारी उभा असतो. "जल्दी देओ सर, मशीन रुकी है." ओळी हातात पडल्याशिवाय तो सरांना उठू देत नाही. चहा पाजतो, पण उठू देत नाही.

बिदरला ही रीत नवी नाही. संतकवी दासोपंतांची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. वडील बिदरच्या बादशहाच्या राज्यात नारायणपेठचे देशपांडे. दुष्काळ पडला, वसुलीचा भरणा झाला नाही, आणि बादशहाने पोराला बिदरला ओलीस ठेवलं. मुदतीत पैसे आले नाहीत तर धर्म बदलायचा, अशी अट. अखेर दत्तमहाराज पाडेवाराच्या, म्हणजे गावच्या चाकराच्या, वेशात आले आणि रक्कम भरून पोराला सोडवून गेले, अशी कथा आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचीही बाकी याच बिदरात विठ्ठलाने येऊन चुकती केली. देवांना आमच्या गावाचा रस्ता माहीत आहे तो थकबाकीमुळे. सर ही कथा दुकानदाराला नेहमी ऐकवतात, स्वतःला दासोपंतांच्या जागी बसवून. दुकानदार शांतपणे म्हणतो, "ठीक है सर. ओळी?"

सरांच्या बाजूने आणखी एक साक्षीदार आहे. 'गीतरामायणा'च्या पहिल्या गाण्याचा कागद ऐन वेळी हरवला, तेव्हा आकाशवाणीच्या सीताकांत लाडांनी माडगूळकरांना खोलीत कोंडलं आणि थोड्याच वेळात नवं गाणं बाहेर आलं, असं सांगतात. 1955 च्या रामनवमीपासून वर्षाहून थोडा अधिक काळ, आठवड्याला एक याप्रमाणे 56 गाणी झाली. "ऑर्डरच होती ना ती?" सर विचारतात. होती. फक्त माडगूळकरांना ऑर्डर रामाची होती आणि सरांना मिळते ती टीएमटी सळयांची, एवढा फरक सर हिशेबात धरत नाहीत.

अरुण कोलटकरांचं उदाहरण त्यांच्यापुढे काढू नये. कोलटकर जाहिरातीच्या धंद्यात नावाजलेले. पण धंदा तिकडे आणि कविता इकडे, अशी त्यांची वाटणी. 1976 ला 'जेजुरी', पुढच्या वर्षी 'अरुण कोलटकरच्या कविता', आणि त्यानंतरची पुस्तकं यायला पंचवीस-एक वर्षं गेली. "पंचवीस वर्षं!" सर कळवळतात. "गिऱ्हाईक थांबलं असतं का हो?"

सरांचा स्वतःचा एक संग्रह आहे. छपाईचे पैसे त्यांनीच भरले आणि मोबदला म्हणून स्वतःच्याच तीनशे प्रती मिळाल्या. त्यातल्या बऱ्याच खाटेखाली आहेत. 2022 साली उदगीरला 95 वं साहित्य संमेलन भरलं तेव्हा पिशवीभर प्रती घेऊन सर कविकट्ट्यावर गेले. तिथे प्रत्येकाच्या हातात तशीच पिशवी होती. अदलाबदल होऊन सर तितकंच ओझं घेऊन परतले, फक्त नावं बदललेली.

धंद्याचं म्हणाल तर आता मंदी आहे. 2024 पासून दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड हवं; उरलेल्या चाळिसांत दुकानाचं दुसऱ्या भाषेतलं नाव, फोन नंबर, देवाचा फोटो आणि मग जागा राहिली तर सर. त्यात फ्लेक्सवाल्याचा पोरगा हल्ली मोबाइलला सांगतो आणि मोबाइल बारा ओळी लिहून देतो, चहासुद्धा न पिता. सरांनी त्या वाचल्या. "यमकं बरी आहेत," ते म्हणाले, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण बसवराज विचारून बघ त्याला."

मला सरांचं कोडं पडतं ते चातुर्मासात. मराठी घरातली लग्नं थांबलेली असतात, शाळांची संमेलनं लांब असतात, आणि पुढाऱ्यांच्या जन्मतारखा, का कोण जाणे, बहुतेक जूनच्याच असतात. म्हणजे वेळ भरपूर. वर्षभर ज्या मोकळिकीसाठी सर बाजाराला शिव्या देतात, ती दारात येऊन बसलेली असते. सर वही उघडतात, तारीख घालतात, वर 'श्री' काढतात, पंख्याकडे बघतात. दुपारी मी गेलो तर तारखेखाली काही नसतं. दासोपंतांना सुटका झाल्यावर कुणी ऑर्डर दिली नव्हती; तरी गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा 'गीतार्णव' लिहिला म्हणतात, आणि कागद पुरेना म्हणून की काय, पासोडीच्या कापडावरही लिहिलं. ती पासोडी अंबाजोगाईला आहे. सरांकडे कागदाचा तुटवडा नाही. वह्या शाळेच्या आहेत आणि कोऱ्या आहेत. हे सगळं बाजाराने केलं असं मला वाटत नाही. पण मी सरांना तसं म्हणत नाही, कारण माझ्या मुलीच्या लग्नाची अष्टकं अजून व्हायची आहेत.

गेल्या श्रावणात वहिनींनीच, म्हणजे सरांच्या पत्नींनी, यावर तोड काढली. पन्नासाची नोट सरांपुढे ठेवली.

"हे काय?"

"इसार. माझ्यासाठी एक कविता करा."

सर एकदम सावरून बसले. चष्मा पुसला, पेन झटकलं. "प्रसंग कोणता?"

"प्रसंग काही नाही."

"वाढदिवस? चाळिसावं वर्ष लग्नाचं?"

"ते झालं मागेच. अहो, उगीच करा. तुम्ही आधी करत होता ना, तशी."

सरांनी बोटांवर वहिनींच्या नावाची अक्षरं मोजली. पुन्हा मोजली. मग नोट घडी करून वहीत ठेवली आणि म्हणाले, "अगं, याला वेळ लागेल. दिवाळीनंतर बघू."

दिवाळी होऊन गेली. तुळशीचं लग्नही झालं, ऑर्डरी सुरू झाल्या. वहिनी आता रोज सकाळी सरांपुढे चहाचा कप ठेवतात आणि फ्लेक्सवाल्याच्याच सुरात विचारतात, "सर, ओळी?"