मोहर्लीची सायकल हॉलंडला

1 जुलैला ताडोब्याचा कोअर भाग बंद झाला की अर्धी मोहर्ली रिकामी होते. जिप्स्या ताडपत्रीखाली जातात, गाईड धानाच्या बांधीत उतरतात. ज्याला कुठं जायचं असेल त्यानं ते 30 सप्टेंबरच्या आत उरकावं, असा इथला रिवाज. मी हॉलंडला जायचं ठरवलं, सायकल घेऊन.

भाचा आइंडहोवनला नोकरीला आहे. फोनवर म्हणाला, "मामा, सायकल आणू नका. इथं माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत." ते खरंच आहे. माणसं एक कोटी ऐंशी लाखांच्या घरात आणि सायकली दोन कोटींच्या वर. म्हणजे मी नागपूरला संत्री न्यायला निघालो होतो. पण माझ्या सायकलीची सीट आणि माझं बूड यांची इतक्या वर्षांत जी समजूत झालेली आहे, ती परक्या सीटशी पहिल्याच भेटीत कशी व्हायची?

पानठेल्यावर चर्चा झालीच.

"काऊन जी, तिकडं सायकली भेटत नाही का?"

"भेटते ना. पण ही माही आहे."

"मंग चालवतच जा ना बावा! इमानाचे पैसे कायले?"

सल्ला दिसतो तितका वेडा नाही. 1923 साली मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले आणि त्यातले तिघे 1928 साली ती पुरी करून परतले. पण त्यांना कोअर उघडायच्या आत परतायचं नव्हतं.

चंद्रपूरच्या सायकल दुकानातून नव्या सायकलीचा रिकामा खोका आणला. त्यात सायकल मावते, पण चाक, हँडल, सीट, पॅडल असं सगळं सुटं केल्यावरच. उजवं पॅडल मुकाट्यानं निघालं. डाव्याचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवलं की घट्ट होत नाही, सुटतं. का, ते विचारू नका, पण जगातल्या सगळ्या सायकलींचं असंच असतं. हे मला माहीत होतं. मदतीला धावलेल्या मंडळींना माहीत नव्हतं, आणि सांगितलेलं पटत नव्हतं. तिघांनी आळीपाळीनं पान्यावर लोंबकळून ते असं आवळलं, की शेवटी पान्यात लोखंडी पाइप घालून मी ते योग्य बाजूनं फिरवलं तेव्हा बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला आणि अंगणातली कुत्री देवाडा रस्त्यानं पळाली.

मग वजन. साधारण 23 किलोपर्यंत नेऊ देतात, पुढं जादा पैसे. आणि 32 किलोंवरचा एक डाग म्हटला की पैसे देऊनही सहसा कोणी घेत नाही. किराणा दुकानातल्या काट्यावर खोका उभा राहीना. तोडगा निघाला : आधी मी एकटा उभा राहायचं, मग खोका कवटाळून, आणि वजाबाकी. खोक्याचं वजन किती भरलं ते आता गावात कुणाला आठवत नाही. माझं सगळ्यांच्या तोंडपाठ आहे.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं, तिच्या वरिष्ठानं आणि त्याच्या वरिष्ठानं एकच प्रश्न विचारला : "टायरमधली हवा काढली का?" वास्तविक विमानाच्या पोटातही हवेचा दाब राखलेला असतो, टायर तिथं फुटायचं कारण नाही. पण काउंटरवर भौतिकशास्त्र शिकवू नये, बोर्डिंग पास त्यांच्या हातात असतो. मी हवा काढली होती. पाने, हत्यारं खोक्यातच टाकली होती, कारण ती हातातल्या पिशवीतून नेऊ देत नाहीत. तरी मनात आलंच, की विमान शोधलं ते डेटनमध्ये सायकलींचं दुकान चालवणाऱ्या राइट बंधूंनी. 1903 सालच्या त्या पहिल्या विमानाचे पंखेसुद्धा सायकलीसारख्या साखळीवरच फिरत होते. आणि आता सायकललाच जादा सामान म्हणतात!

अॅमस्टरडॅमच्या विमानतळावर फरशीवर बसून सायकल जोडली. येणारे-जाणारे कौतुकानं बघत होते. रेल्वेत सायकलीला वेगळं तिकीट, आणि सकाळ-संध्याकाळच्या ऑफिसच्या वेळेत तर सहसा प्रवेशच नाही. पुढचं मात्र सोपं : तिथं सायकलवाटांच्या नाक्यांना आकडे दिलेले आहेत. आकडे कागदावर लिहायचे आणि पाट्या बघत जायचं, गावांची नावं उच्चारावी लागत नाहीत. हे उपकारच.

असाच ओटरलोजवळच्या होखे फेल्युवे नावाच्या राष्ट्रीय उद्यानाच्या गेटवर पोचलो. गेटवर पांढऱ्या सायकलींच्या रांगा. उद्यानात अशा अठराशे आहेत. प्रवेशाच्या तिकिटावर फुकट, कुलूप नाही, अनामत नाही. घ्या आणि जंगलात जा. आमच्याकडे जिप्सीतून पाय खाली टेकवला तर गाईड ओरडतो आणि इथं हरणं, रानडुकरं आणि अलीकडे आलेले लांडगे, यांच्यामधून आज्या पोरांना पुढं बसवून पॅडल मारत होत्या. भाच्यानं पांढरी सायकल पुढं केली. मी तिच्यावर बसून बघितलं. ब्रेक हँडलला नाहीत, पॅडल उलटं मारलं की लागतात. सीट मात्र माझ्याशी बोलायलाच तयार नाही. मी माझ्याच सायकलीवर निघालो. भाचा काही बोलला नाही, आईवर गेलाय.

तुम्ही जाणार असाल तर ऐका. हॉलंडला आपली सीट आणि पॅडल तेवढी बॅगेत टाका, बाकी सायकल तिथं भाड्यानं घ्या. आणि अख्खीच न्यायची असेल, तर खोका माझ्याकडे पडून आहे. मंगळवारी या. त्या दिवशी ताडोबा बंद असतो.