साखरेची सुई

इंजेक्शनचं दुखणं क्षणभराचं. खरा पसारा त्याच्या आधीचा आणि नंतरचा. स्पिरिटचा गार बोळा, हवा काढताना सुईच्या टोकावरून उडालेलं इवलंसं कारंजं, ‘मुंगी चावल्यासारखं वाटेल हं’ हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं प्रेमळ खोटं, आणि नेमके त्याच क्षणी खिडकीबाहेरच्या कावळ्यात रस वाटू लागलेले बाबा. आमच्या लहानपणी काचेच्या सिरिंजा भांड्यात उकळत असत. तो किणकिणाट ऐकला की रांगेतल्या शेवटच्या मुलालाही आपला ताप उतरल्याचा साक्षात्कार होई.

या सगळ्या सोहळ्याला आता एक छोटीशी पट्टी पुरणार म्हणतात. तिच्या एका अंगाला सुयाच असतात, पण मिलिमीटरहूनही आखूड. निवडुंगाच्या बोंडावरच्या कुसळांसारख्या, जरा अधिक सुसंस्कृत. त्वचेचा सर्वांत वरचा थर मेलेल्या पेशींचा, जाडी जेमतेम १० ते २० मायक्रॉन; तरी बहुतेक औषधांना तो दारातूनच परत पाठवतो. सुया तेवढा ओलांडतात आणि वेदनेची वर्दी देणाऱ्या मज्जातंतूंची फारशी झोपमोड न करता थबकतात. कल्पना १९७० च्या दशकातली, पण इतकं बारीक घडवणार कोण? ती करामत अखेर संगणकाच्या चिपा कोरणाऱ्या तंत्राला साधली. १९९८ साली अटलांटाच्या जॉर्जिया टेकमध्ये मार्क प्राउस्निट्झ आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या अशा सुयांनी मानवी त्वचेत वाट करून दाखवली.

माझा जीव मात्र जडला तो पुढच्या, विरघळणाऱ्या सुयांवर. साखर किंवा पाण्यात विरघळणारं पॉलिमर घ्यायचं, त्यातच लस कालवायची. अंगातल्या ओलाव्यात सुई विरून जाते, फेकायला टोकदार असं काही उरत नाही. अटलांटातच १०० प्रौढांवर फ्लूच्या लशीची अशी पट्टी तपासली गेली, २०१७ साली निष्कर्ष आले. पट्टीतली लस ४० अंशांत वर्षभर टिकली होती. बर्फाची पेटी खांद्याला लावून मे महिन्यात वाड्यावस्त्या तुडवणाऱ्या आरोग्यसेविकेला या आकड्याचं मोल विचारावं. गांबियात गोवर-रुबेलाची पट्टी तान्ह्या बाळांच्या मनगटावर लावली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ती इंजेक्शनच्या तोडीस तोड ठरली.

पूर्वी सुई टोचून झाली की आजी तळहातावर खडीसाखर ठेवायची. आता साखरच सुई होऊन आत शिरणार. जिभेला मात्र त्याचा पत्ता नाही. आणि रडलंच नाही, तर पोराला उचलून घ्यायचं कोणत्या निमित्ताने? बाबांनी कावळा तरी का पाहावा? माझी एक नम्र सूचना आहे. पट्टीसोबतच्या माहितीपत्रकात, मात्रा आणि मुदतीच्या खाली, बारीक अक्षरांत का होईना, एवढं छापावं : ‘लावल्यानंतर बालकास थोडा वेळ मांडीवर घ्यावे. दुखत नसले तरी.’