वरळीत एक पाऊल, तेही तिरकं

बीड जिल्ह्यातल्या आमच्या उमापुरात कशाचाही भाव विचारा, उत्तर तयार असतं. कापसाचा, तुरीचा, गोऱ्ह्याचा, वाळूच्या ब्रासचा, कोयत्याच्या उचलीचा. आणि निवडणूक जवळ आली असेल तर आणखी एका वस्तूचा, जिचं नाव घ्यायची गरज नाही. घराचा भाव मात्र कुणालाच सांगता येत नाही. भाव ठरायला गिऱ्हाईक लागतं, आणि गावठाणातल्या घराला गिऱ्हाईक एकच असतं: भाऊबंद. चतुःसीमा वाचा. पूर्वेला चुलत्याची भिंत, पश्चिमेला चुलतभावाची न्हाणी, दक्षिणेला वादातला बोळ आणि उत्तरेला, वळचणीचं पाणी कुणाच्या हद्दीत पडतं यावर कोर्टात पडणारी तारीख. असली मालमत्ता बाहेरचा माणूस कशाला घेईल? चुलतभावाला हे ठाऊक असतं, म्हणून तो घाई करत नाही. तुम्ही पुण्याला जाता, म्हातारा-म्हातारी जातात, धाब्यावर गवत उगवतं, आणि एक दिवस त्याचा सहज फोन येतो : "दादा, तुमची भिंत आमच्या अंगावर यायलीय. कायतरी करा." आमच्याकडे बोली लावतात ती अशी.

माळवदी वाड्यांची गंमत आणखी वेगळी. उभा वाडा कुणी घेत नाही. मोडला की तुळया, खांब आणि चौकटी घ्यायला व्यापारी हजर. मग तो सागवानी दरवाजा शहरातल्या कुठल्यातरी हॉटेलात भिंतीला टेकून उभा राहतो, आणि ज्याच्या आज्यानं त्यातून वाकून जायला शिकवलं, तो नातू त्याच्यासमोर बसून अडीचशे रुपयांचा चहा पितो.

बँकेलाही आमच्या घराचा भाव कळत नाही. गावठाणातल्या घराचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठ. तो टेबलावर ठेवला की साहेब दोन्ही हातांनी परत करतात. यावर उपाय म्हणून केंद्र सरकारनं २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना काढली : गावठाणावर ड्रोन फिरेल, नकाशा होईल, सनद हातात येईल. वरून पाहिल्यावर भाऊबंदकी दिसत नाही, हा ड्रोनचा मोठाच गुण. पण ड्रोन उडायच्या आधी खाली चुन्याची रेघ मारावी लागते, आणि ती मारताना गावकीचा तीन पिढ्यांचा इतिहास लाठ्याकाठ्यांसह बाहेर येतो.

भाव ठाऊक आहे तो एकट्या सरकारला. त्यासाठी रेडी रेकनर आहे. पूर्वी तो १ जानेवारीला लागू व्हायचा, आता १ एप्रिलला होतो. तारीख कुणी निवडली माहीत नाही, पण माणूस विनोदी असावा. २०२५ च्या एप्रिलपासून राज्यात सरासरी ३.८९ टक्के वाढ झाली, ग्रामीण भागात ३.३६ टक्के. म्हणजे ज्या घराला चुलतभावाखेरीज कुणी विचारत नाही, तेही कागदावर अधूनमधून थोडं थोडं श्रीमंत होतं, आणि त्या श्रीमंतीवर घरपट्टी लागते.

पण गावातल्या घराची सरकारी किंमत खऱ्या अर्थानं ठरते ती दोनच प्रसंगी : ते बांधताना आणि ते पडल्यावर. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या घरकुलाला १ लाख २० हजार मिळतात. हा आकडा २०१६ चा. तेव्हापासून सिमेंट वाढलं, गज वाढला, गवंड्याची हजेरी वाढली. आकडा तपस्व्यासारखा बसून आहे. (राज्यानं २०२५ मध्ये ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार छतावर सौर पॅनल बसवले तर. आधी छत तर पडू द्या, असं आमच्या ओट्यावरचे आण्णा म्हणाले. 'पडू द्या' म्हणजे स्लॅब पडू द्या, गैरसमज नको.) आता आपत्तीचे निकष पाहा. पुरात पक्कं घर पूर्ण पडलं, तर भरपाई किती? १ लाख २० हजार. घर उभं करायला जेवढे, तेवढेच ते कोसळायला. जगातल्या कुठल्याही बाजारात खरेदी आणि मोड एका भावानं होत नाही. सोन्याचीसुद्धा होत नाही.

फक्त अर्धवट पडण्यात फार तोटा आहे. घर किमान १५ टक्के तरी पडलेलं पाहिजे, आणि मग पक्क्या घराला साडेसहा हजार, कच्च्याला चार. २०२५ च्या सप्टेंबरात गोदावरी आणि सिंदफणा पात्र सोडून बाहेर आल्या, तेव्हा कितीएक भिंतींना ही टक्केवारी माहीत नव्हती. काही तेरा टक्क्यांवरच थांबल्या. पंचनाम्याला आलेला माणूस भिंतीकडे बघतो, भिंत त्याच्याकडे बघते, आणि घरधनी मनातल्या मनात भिंतीला म्हणतो, बाई, आणखी दोन टक्के तेवढी कलंड.

आता जरा मुंबईला जाऊन येऊ. २०२५ मध्येच वरळीत समुद्रासमोर दोन डुप्लेक्स मिळून ६३९ कोटींना विकले गेले. क्षेत्रफळ साडेबावीस हजार चौरस फुटांच्या आसपास, म्हणजे फुटाला सुमारे २ लाख ८३ हजार. आम्ही ओट्यावर बसून त्रैराशिक मांडलं. उमापुरातल्या एका अख्ख्या घरकुलाच्या पैशात तिथं अर्धा फूटही येत नाही. येते ती साधारण पावणेआठ इंच लांब-रुंद फरशी. तिच्यावर एक माणूस उभा राहू शकतो, पण एका पायावर, आणि पाऊल कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे तिरकं ठेवलं तरच. उलट हिशेब केला तर त्या दोन डुप्लेक्समध्ये ५३,२५० घरकुलं बसतात. आण्णांनी हा आकडा दोनदा ऐकला आणि विचारलं, "एवढ्या घरात त्यांनला गावतं का रातचं संडासाचं दार?"

अशा व्यवहारात सरकारला मुद्रांक शुल्क भरपूर मिळतं, हे खरं. पण नोंदणी फीची कमाल पाहण्यासारखी आहे. फी दस्ताच्या एक टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. आमच्याकडं कुणी पाच लाखांचं घर घेतलं तर पाच हजार भरतो : लाखामागे हजार. ३०० कोटींचा फ्लॅट घेणारा ३० हजार भरतो : लाखामागे एक रुपया. देवळाच्या वर्गणीतसुद्धा आम्ही एवढी सूट कुणाला देत नाही.

एवढा फरक येतो कुठून? मालात तर नाही. सिमेंटची गोणी वरळीत सोन्याची येत नाही आणि गज तोच. वाळूचं तर विचारूच नका, ती आमचीच. आमच्या गेवराई तालुक्याच्या उत्तरेनं गोदावरी वाहते. तिच्याच काठी राक्षसभुवनला १७६३ मध्ये माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला. दोन्ही सैन्यांकडं हायवा नव्हते, म्हणून वाळू तेवढी जागेवर राहिली. आता रात्री नदी गाडीत बसून शहरात जाते. घरकुलवाल्याला पाच ब्रास वाळू मोफत मिळावी असा नियम आहे आणि तो चांगलाच आहे. त्यात अडचण एवढीच की नियम दिवसा असतो.

माल सारखा, मग उरते ती जागा. जागेला भाव येतो तो तिथून निघून किती लवकर कामावर पोचता येतं यावरून. उमापुरातून कामावर जायचं तर दिवाळीनंतर बिऱ्हाड ट्रकमध्ये घालून साखर कारखान्यावर जायचं, पाचटाच्या कोपीत सहा महिने काढायचे आणि उन्हाळ्यात परतायचं. तोवर इथं घराला कुलूप. याबाबतीत मात्र आम्ही मुंबईच्या मागं नाही. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालानुसार मुंबईत ४ लाख ८० हजार घरं रिकामी होती, देशात सगळ्यात जास्त. कुलूप दोन्हीकडं आहे. आमच्या कुलपामागं कणगी आणि देव असतात, तिकडच्या कुलपामागं भाववाढ.

भाव कसा चढतो, हे बीडकरांनी रेल्वेच्या निमित्तानं जवळून पाहिलंय. नगर-बीड-परळी मार्ग मंजूर झाला १९९५ मध्ये. बीडला गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला. मधल्या तीस वर्षांत 'नियोजित रेल्वे स्टेशनपासून पाच मिनिटांवर' असलेले प्लॉट किती हातांतून फिरले असतील, ते त्या पाच मिनिटांनाच ठाऊक.

आणि सगळ्यात कडक मूल्यांकन रेडी रेकनर करत नाही, मुलीचा बाप करतो. दहा एकर जमीन, विहीर, माळवदी घर, पोरगा निर्व्यसनी. सगळं ऐकून घेऊन तो एकच विचारतो, "पुण्याला फ्लॅट आहे का?" वीस वर्षांच्या हप्त्यावर घेतलेला, वाघोलीच्या पलीकडचा, टँकरच्या पाण्यावर जगणारा वन बीएचके या दहा एकरांना चीत करतो. मग दोन एकर विकून पोरासाठी फ्लॅट 'बुक' होतो. ते दोन एकर घेतो कोण? चुलतभाऊ. त्याच्या पोराचं आणखी पाच वर्षांनी बघायचंय.

आण्णांचाही मुलगा तिशीला टेकला, तेव्हा तेही गेले पुण्याला सॅम्पल फ्लॅट पाहायला. टाय लावलेल्या पोरानं त्यांना बाल्कनी दाखवली, तिला तो 'टेरेस' म्हणाला. आण्णांनी विचारलं, बैलं कुठं बांधायची? "पार्किंगचे वेगळे पडतील, काका." आमच्याकडं अख्खा गोठा वाहून गेला तरी तीन हजार मिळतात, हे आण्णांनी त्याला सांगितलं; तो हसला. मग त्यांनी भिंतीवर बोटानं टकटक केलं, कान लावून ऐकलं आणि मुद्द्याला आले.

"पोरा, हे पडलं तं सरकार कितीक देतंय?"

"काका, हे पडणार नाही. महारेराचा नंबर आहे आपल्याला."

"मंग ह्याचा खरा भाव कळायचा कव्हा?"